प्राथमिक निवडणूक

सार्वत्रिक निवडणुकीत उभे राहणारे उमेदवार ठरविण्यासाठी तत्पूर्वी घेण्यात येणारी निवडणूक. सार्वत्रिक निवडणुकीत मतदार प्रतिनिधी निवडतो. प्राथमिक निवडणुकीत तो उमेदवार निवडतो. पक्षाचे नेते, कार्यकारिणी किंवा प्रतिनिधींची परिषद यांच्या हाती असलेला उमेदवारी देण्याचा अधिकार सामान्य मतदारांकडे सोपविणे, हा या पद्धतीचा मूळ हेतू होय. तिचा सर्वाधिक विकास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला. भारतात १९३२ च्या पुणे करारान्वये दलित वर्गांच्या राखीव जागांसाठी ही पद्धत काही काळ अस्तित्वात होती. मात्र तेथे उमेदवारांची निवड पक्षाच्या मतदारांनी करावयाची नसून त्या वर्गांच्या मतदारांनी करावयाची होती.

प्राथमिक निवडणुकीचे दोन मुख्य प्रकार आहेत. बंदिस्त प्राथमिक निवडणुकीत पक्षाकडे नोंद असलेल्या मतदारांनाच मतदान करता येते. खुल्या प्राथमिक निवडणुकीत कोणत्याही मतदाराला आपल्या पसंतीच्या एका पक्षाच्या निवडणुकीत भाग घेता येतो. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत सर्व पक्षांचे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर असतात आणि सर्वाधिक मते मिळविणारे दोघे अंतिम निवडणुकीस पात्र ठरतात.

सार्वत्रिक निवडणुकीच्या दिवशी मतदारापुढे येणारी नावे अगोदरच ठरलेली असतात. त्यांतूनच त्याला निवड करावी लागते. ज्या प्रदेशात एकाच पक्षाचे निर्विवाद वर्चस्व असते, तेथे त्या पक्षाचा उमेदवार ठरला, की प्रतिनिधी ठरल्यासारखाच असतो. अशा ठिकाणी उमेदवारनिवडीतून वगळलेल्या माणसाला कायद्याने मत असूनही त्या मताला किंमत उरत नाही. म्हणून प्राथमिक निवडणुकीचा इतिहास हा पुष्कळ अंशी, उमेदवार ठरविण्याचा अधिकार कोणाचा, या वादाचा इतिहास आहे.

पूर्वपीठिका : अमेरिकेच्या संविधानात राजकीय पक्षांचा उल्लेख नाही. पक्ष उदयास आल्यावर अध्यक्षपदाचे उमेदवार प्रथम काँग्रेसमधील पक्षसभासदांच्या खाजगी बैठकीत, म्हणजे कॉकसमध्ये, ठरू लागले. १८०० पासून सु. पाव शतक ही प्रथा चालली. निवडक सभासदांच्या या सत्तेला विरोधक उपहासाने ‘किंग कॉकस’ म्हणत. १८२४ मध्ये विल्यम क्रॉफर्ड यास उमेदवारी देणाऱ्या बैठकीला केवळ ६६ सभासद उपस्थित होते. क्रॉफर्ड निवडणुकीत पराभूत झाला आणि त्यानंतर ही प्रथाही लोप पावली.

तिच्या जागी पक्षपरिषदा आल्या. १८३१ मध्ये बॉल्टिमोर येथे अँटिमेसॉनिक पक्षाने पहिली राष्ट्रीय उमेदवारनिवड परिषद भरविली व पुढील वर्षी डेमॉक्रॅटिक पक्षाने तिचे अनुकरण केले. गावोगावचे पक्षसदस्य प्रतिनिधी निवडतील आणि प्रतिनिधी उमेदवार ठरवतील, अशी ही योजना तत्त्वतः अधिक लोकाभिमुख होती. व्यवहारात मात्र प्रतिनिधी निवडणाऱ्या स्थानिक सभा पक्षयंत्रणेच्या मुखंडांच्या ताब्यात गेल्या. न्यूयॉर्कमधील टॅमनी हॉल या संघटनेचा प्रमुख विल्यम ट्वीड (१८२३–७८) हा अशा मुखंडांचा नमुना मानला जातो. मतदान कोणीही करो, उमेदवार ठरविणे आपल्या हाती असले म्हणजे पुरे, अशा आशयाचे उद्‌गार त्याच्या नावावर सांगितले जातात. रेल्वे, खाणी व इमारती लाकूड यांच्या धंद्यातील धनिकांना विधिमंडळात आपली माणसे हवी असत. ती मतदारांपेक्षा परिषदेतून मिळविणे सोपे व स्वस्त होते.

प्रत्यक्ष प्राथमिक निवडणूक : पेनसिल्व्हेनियातील क्रॉफर्ड कौंटीत १८४२ मध्ये डेमॉक्रॅटिक पक्षाने आपले उमेदवार सदस्यांच्या थेट मतदानाने निवडण्याचा प्रयोग केला. तथापि संपूर्ण राज्याला लागू होणारा व्यापक कायदा प्रथम विस्कॉन्सिनमध्ये झाला. तेथील रिपब्लिकन नेता रॉबर्ट ला फॉलेट (१८५५–१९२५) यास १८९६ व १८९८ मध्ये पक्षपरिषदेने राज्यपालपदाची उमेदवारी नाकारली होती. परिषदेतील प्रतिनिधींना वश करून घेतले जाते, हा त्याच्या प्रचाराचा मुख्य मुद्दा होता. १९०० मध्ये तो राज्यपाल झाला. १९०३ मध्ये संमत झालेल्या प्राथमिक निवडणुकीच्या कायद्यास मतदारांनी १९०४ मध्ये सार्वमताने मान्यता दिली. त्यानंतर सु. पंधरा वर्षांत बहुतेक राज्यांनी असे कायदे केले.

या सुधारणेमुळे पूर्वी पक्षाचा खाजगी व्यवहार मानली जाणारी उमेदवारनिवड अंशतः सार्वजनिक व्यवहार बनली. मतपत्रिका, मतदानकेंद्रे, गैरप्रकारांबद्दलची शिक्षा या सर्व बाबी कायद्याच्या कक्षेत आल्या. मात्र पक्षाचा मतदार कोण, हे ठरविण्याचा अधिकार बहुधा पक्षाकडेच राहिला. दक्षिणेकडील राज्यांनी याच अधिकाराचा उपयोग वर्णभेदासाठी केला.

श्वेत प्राथमिक निवडणूक : यादवी युद्धानंतर १८७० मध्ये संमत झालेल्या पंधराव्या घटनादुरुस्तीने वर्णाच्या कारणावरून मताधिकार नाकारण्यास बंदी केली. दक्षिणेतील राज्यांनी मतदानकर, साक्षरतेच्या परीक्षा इ. मार्गांनी ही दुरुस्ती निष्प्रभ केली. परंतु या सर्वांत परिणामकारक साधन प्राथमिक निवडणूक हेच ठरले. तेथे डेमॉक्रॅटिक पक्षाचे वर्चस्व एवढे होते, की त्याची प्राथमिक निवडणूक जिंकणारा उमेदवार बहुधा निवडून येईच. या निवडणुकीत केवळ श्वेतवर्णीयांना प्रवेश दिला, म्हणजे कृष्णवर्णीय मतदाराने नोव्हेंबरमधील निवडणुकीत मत दिले काय किंवा न दिले काय, निकालात फरक पडत नसे.

टेक्सस राज्याने १९२३ मध्ये कृष्णवर्णीयांना डेमॉक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत भाग घेण्यास कायद्यानेच मनाई केली. एल पॅसो येथील वैद्यकीय व्यावसायिक लॉरेन्स निक्सन हे १९२४ मध्ये मतदानकर भरल्याची पावती घेऊन मतदानास गेले असता त्यांना परत पाठविण्यात आले. त्यांनी दाद मागितली. ‘निक्सन वि. हर्नडन’ (१९२७) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा समान संरक्षणाच्या तत्त्वाविरुद्ध ठरविला. टेक्ससच्या विधिमंडळाने तत्काळ तो रद्द केला आणि सदस्यत्वाच्या अटी ठरविण्याचा अधिकार पक्षाच्या कार्यकारिणीला दिला. कार्यकारिणीने तीच मनाई पुन्हा घातली. निक्सन यांच्या दुसऱ्या खटल्यात (‘निक्सन वि. कंडन’, १९३२) न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला, की कार्यकारिणीला हा अधिकार राज्याने दिलेला असल्यामुळे तिची कृती ही राज्याचीच कृती होय. त्यावर पक्षाच्या राज्य परिषदेने स्वतःच्या अधिकारात तसा ठराव केला. ‘ग्रोव्ही वि. टाउनसेंड’ (१९३५) या खटल्यात न्यायालयाने हा ठराव एकमताने वैध मानला. पक्ष ही ऐच्छिक संघटना असून आपले सदस्य ठरविण्याचा तिला अधिकार आहे, ही त्यामागील भूमिका होती. अशा रीतीने जे राज्याला करता येत नव्हते, ते पक्षाला करता येऊ लागले.

ही भूमिका फार काळ टिकली नाही. न्यू ऑर्लिन्स येथील प्राथमिक निवडणुकीत झालेल्या मतपत्रिकांच्या अफरातफरीसंबंधी ‘संयुक्त संस्थाने वि. क्लासिक’ (१९४१) या खटल्यात न्यायालयाने म्हटले, की जेथे प्राथमिक निवडणूक ही प्रतिनिधी निवडण्याच्या प्रक्रियेचा अविभाज्य भाग असते, तेथे तीतील मतही संविधानाने संरक्षित असते. याच तर्काच्या आधारे ह्यूस्टन येथील दंतवैद्य लॉनी स्मिथ यांचा खटला उभा राहिला. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या राष्ट्रीय संघटनेच्या वतीने थर्गुड मार्शल (१९०८–९३) यांनी तो चालविला. हेच मार्शल पुढे सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले. ‘स्मिथ वि. ऑलराइट’ या खटल्यात ३ एप्रिल १९४४ रोजी न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने ‘ग्रोव्ही’ निर्णय रद्दबातल केला. राज्याच्या कायद्यानुसार चालणाऱ्या निवडणूक-यंत्रणेचा पक्ष हा एक भाग बनतो आणि म्हणून त्याने केलेला वर्णभेद पंधराव्या घटनादुरुस्तीचा भंग ठरतो, असा हा निर्णय होता.

पळवाटा तरीही शोधण्यात आल्या. साउथ कॅरोलायनाने १९४४ मध्येच प्राथमिक निवडणुकीविषयीचे आपले सर्व कायदे रद्द केले, जेणेकरून पक्षाचा राज्याशी काही संबंध असल्याचे दिसू नये. संघीय न्यायाधीश वेटीस वेअरिंग यांनी १९४७ मध्ये ही युक्ती अमान्य केली. टेक्ससच्या फोर्ट बेंड कौंटीत १८८९ पासून ‘जेबर्ड असोसिएशन’ ही केवळ श्वेतवर्णीयांची संस्था पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीपूर्वी स्वतःची वेगळी निवडणूक घेई आणि तीत विजयी झालेला उमेदवार पुढील दोन्ही निवडणुका बहुधा विरोधाविना जिंकत असे. ‘टेरी वि. ॲडम्स’ (१९५३) या निर्णयाने ही तिसरी पायरीही न्यायालयाच्या कक्षेत आली. एकंदरीत पहिल्या खटल्यापासून या निर्णयापर्यंत सव्वीस वर्षे लागली. मतदानकर, साक्षरता-परीक्षा व दहशत हे अडथळे त्यानंतरही उरले होतेच; १९६५ च्या मताधिकार कायद्याने त्यांना बऱ्याच अंशी आळा बसला.

अध्यक्षपदाची उमेदवारी : राज्य पातळीवरील पदांसाठी प्राथमिक निवडणूक रूढ झाल्यावरही अध्यक्षपदाची उमेदवारी दीर्घकाळ पक्षपरिषदेतच ठरत असे. १९१२ मध्ये थीओडोर रूझवेल्ट याने रिपब्लिकन पक्षाच्या बहुसंख्य प्राथमिक निवडणुका जिंकल्या. परंतु परिषदेने विद्यमान अध्यक्ष विल्यम टॅफ्ट यासच उमेदवारी दिली. १९६४ मध्ये मिसिसिपीच्या सर्व-श्वेतवर्णीय प्रतिनिधिमंडळाच्या वैधतेला ‘मिसिसिपी फ्रीडम डेमॉक्रॅटिक पार्टी’ने आव्हान दिले. शेतमजूर कुटुंबातील फॅनी लू हेमर (१९१७–७७) यांनी अटलांटिक सिटी येथे पक्षाच्या समितीपुढे दिलेली साक्ष दूरचित्रवाणीवरून देशभर पोहोचली. पक्षनेत्यांनी देऊ केलेल्या दोन जागा या गटाने नाकारल्या; मात्र वर्णभेद करणाऱ्या प्रतिनिधिमंडळांना यापुढे स्थान मिळणार नाही, हे तत्त्व पक्षाला स्वीकारावे लागले.

१९६८ मध्ये व्हिएटनाम युद्धाला विरोध करणाऱ्या उमेदवारांनी अनेक प्राथमिक निवडणुका जिंकल्या असताना, एकही प्राथमिक निवडणूक न लढविलेल्या ह्यूबर्ट हंफ्री यास शिकागो येथील परिषदेत उमेदवारी मिळाली. परिषदेबाहेर निदर्शक व पोलीस यांच्यात तीव्र संघर्ष झाला. त्यानंतर नेमलेल्या मॅकगव्हर्न–फ्रेझर आयोगाने प्रतिनिधी निवडण्याची प्रक्रिया खुली व वेळेवर व्हावी आणि तीत स्त्रिया, तरुण व अल्पसंख्य यांना लोकसंख्येशी सुसंगत स्थान मिळावे, असे नियम केले. डेमॉक्रॅटिक परिषदेतील स्त्री-प्रतिनिधींचे प्रमाण १९६८ मधील सु. १३ टक्क्यांवरून १९७२ मध्ये सु. ४० टक्क्यांवर गेले. नवे नियम पाळण्याचा सोपा मार्ग म्हणून बहुसंख्य राज्यांनी प्राथमिक निवडणूक स्वीकारली.

तथापि १९७२ मध्ये याच पद्धतीने उमेदवारी मिळविलेले जॉर्ज मॅकगव्हर्न पन्नासपैकी एकोणपन्नास राज्यांत पराभूत झाले. तेव्हा अनुभवी नेत्यांचा सल्लाही आवश्यक आहे, असा विचार बळावला आणि १९८४ पासून डेमॉक्रॅटिक पक्षाने खासदार, राज्यपाल व पक्षाधिकारी यांना पदसिद्ध मताधिकार दिला. त्यांचे प्रमाण प्रारंभी सु. १४ टक्के होते. निवडून न आलेल्यांचा हा विशेषाधिकार २०१६ च्या निवडणुकीत मोठ्या वादाचा विषय झाला. २०१८ मध्ये, निकाल अनिश्चित असल्यास पहिल्या फेरीत त्यांना मत देता येणार नाही, असा नियम करण्यात आला. २०२४ मध्ये प्राथमिक निवडणुका जिंकल्यानंतर जोसेफ बायडन यांनी २१ जुलै रोजी माघार घेतली आणि कमला हॅरिस यांची निवड परिषदेच्या प्रतिनिधींनी मतदारांकडे पुन्हा न जाता केली.

पुणे करारातील प्राथमिक निवडणूक : टेक्ससमध्ये निक्सन यांचा दुसरा खटला निकालात निघाला, त्याच वर्षी भारतात प्राथमिक निवडणुकीची एक वेगळी योजना आकारास आली. ऑगस्ट १९३२ मधील जातीय निवाड्याने दलित वर्गांना काही जागांवर स्वतंत्र मतदारसंघ आणि त्याशिवाय सर्वसाधारण मतदारसंघात दुसरे मत दिले होते. महात्मा गांधींनी त्याविरुद्ध येरवडा तुरुंगात २० सप्टेंबर रोजी उपोषण सुरू केले व २४ सप्टेंबर रोजी पुणे करार झाला. त्यान्वये प्रांतिक विधिमंडळांत दलित वर्गांसाठी १४८ जागा राखून ठेवण्यात आल्या. निवाड्यातील जागांच्या त्या जवळजवळ दुप्पट होत्या. मात्र स्वतंत्र मतदारसंघ जाऊन संयुक्त मतदारसंघ आले.

स्वतंत्र व संयुक्त मतदारसंघ यांतील अंतर सांधण्यासाठी प्राथमिक निवडणुकीची तरतूद करण्यात आली. मतदारसंघातील दलित वर्गाच्या सर्व नोंदलेल्या मतदारांनी प्रत्येक राखीव जागेसाठी एकेक मत देऊन आपल्यातील चार उमेदवार निवडावयाचे आणि त्या चौघांपैकी एकाची निवड सर्व जातिधर्मांच्या सर्वसाधारण मतदारांनी करावयाची, असे तिचे स्वरूप होते. ही पद्धत दहा वर्षांनी किंवा परस्परसंमतीने त्यापूर्वी संपुष्टात यावयाची होती. १९३५ च्या भारत सरकार कायद्यात तिचा समावेश झाला आणि १९३७ व १९४५-४६ च्या निवडणुका तिच्यानुसार झाल्या.

योजनेचा तिढा ‘चार’ या संख्येत होता. चारांहून अधिक उमेदवार नसल्यास प्राथमिक निवडणुकीला प्रयोजनच उरत नसे. ती झाली, तरी अल्प मते मिळवून चौथ्या क्रमांकावर आलेला उमेदवार पहिल्या क्रमांकाच्या उमेदवाराच्या बरोबरीने अंतिम फेरीत जाई आणि तेथे सवर्ण मतदारांचे बहुमत ज्याच्या बाजूने पडे तो निवडून येई. शिवाय मुळात निर्धन असलेल्या उमेदवारांना दोन निवडणुकांचा खर्च सोसावा लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर (१८९१–१९५६) यांनी हे आक्षेप सातत्याने मांडले. प्राथमिक निवडणुकीत अनुसूचित जातींच्या मतदारांनी अग्रक्रम दिलेले उमेदवार अंतिम निवडणुकीत पराभूत झाले, हा १९४६ चा अनुभव त्यांनी स्वतंत्र मतदारसंघांच्या मागणीचा आधार म्हणून पुढे केला. उलट, संयुक्त मतदारसंघामुळे उमेदवाराला सर्व समाजांकडे जावे लागते व समाजांतील दुरावा कमी होतो, असा काँग्रेसचा युक्तिवाद होता.

संविधान सभेत ऑगस्ट १९४७ मध्ये मद्रासचे सदस्य एस. नागप्पा यांनी असे सुचविले, की राखीव जागेवर निवडून येणाऱ्या उमेदवाराला अनुसूचित जातींच्या मतांपैकी किमान ३५ टक्के मते मिळालेली असावीत. सरदार पटेलांच्या विरोधानंतर ही सूचना मागे घेण्यात आली. संविधानाने राखीव जागा ठेवल्या, परंतु प्राथमिक निवडणूक किंवा किमान मतांची अट ठेवली नाही. परिणामी राखीव जागांवरील उमेदवार ठरविण्याचे काम त्या समाजाच्या मतदारांकडून राजकीय पक्षांकडे गेले.

स्वतंत्र भारतातील स्थिती : उमेदवारीला रूढ झालेला ‘तिकीट’ हा शब्द मुळात अमेरिकेतील पक्षांनी छापलेल्या उमेदवारांच्या यादीवरून आला आहे, त्या देशातील प्राथमिक निवडणूक मात्र भारतात रुजली नाही. येथे जिल्हा व प्रदेश पातळीवरून शिफारशी जातात आणि अंतिम निर्णय सामान्यतः पक्षाची केंद्रीय समिती किंवा सर्वोच्च नेता घेतो. निवडून येण्याची शक्यता, जात, पैसा, निष्ठा व घराणे या निकषांना त्यात मोठे स्थान असते; डावलल्या गेलेल्या कार्यकर्त्याला दाद मागण्यासाठी पक्षाबाहेर जागा नसते. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेस पक्षाने काही निवडक मतदारसंघांत प्राथमिक निवडणुकीचा प्रयोग केला, त्यांत महाराष्ट्रातील लातूर व वर्धा हे मतदारसंघ होते; पुढे तो चालू राहिला नाही.

संविधानात १९८५ पर्यंत राजकीय पक्षांचा उल्लेख नव्हता. त्या वर्षीच्या पक्षांतरबंदीविषयक दहाव्या अनुसूचीने तो प्रथम आला. १९८९ पासून पक्षांच्या नोंदणीची तरतूद लोकप्रतिनिधित्व कायद्यात आहे; पण उमेदवार कसे निवडावेत, याविषयी तो मौन बाळगतो. विधी आयोगाने १९९९ मधील आपल्या १७० व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाही कायद्याने बंधनकारक करण्याची शिफारस केली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये उमेदवारांवरील फौजदारी खटले, मालमत्ता व शिक्षण यांची माहिती मतदारांना मिळावी, असा निर्णय दिला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये फौजदारी खटले असलेल्या उमेदवाराची निवड का केली, याची कारणे पक्षांनी प्रसिद्ध करावीत, असा आदेश दिला. केवळ निवडून येण्याची क्षमता हे कारण पुरेसे होणार नाही, असेही न्यायालयाने स्पष्ट केले. उमेदवारनिवडीची कारणे जाहीर करण्याचे बंधन पक्षांवर येण्याचे हे महत्त्वाचे उदाहरण होय. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने लोकसभा व विधानसभांतील एक-तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखून ठेवण्याची तरतूद केली असली, तरी त्या जागांवरील उमेदवार कोणी व कसे निवडावेत, हा प्रश्न पक्षांकडेच सोपविलेला आहे.

मूल्यमापन : प्राथमिक निवडणुकीमुळे पक्षमुखंडांची सत्ता घटते, नव्या व्यक्तींना वाव मिळतो आणि प्रतिनिधीला मतदारांचे स्मरण ठेवावे लागते, हे तिचे गुण मानले जातात. उलट, ती खर्चिक आहे, धनवान व प्रसिद्ध व्यक्तींना ती अनुकूल पडते, तीत सार्वत्रिक निवडणुकीपेक्षा कमी लोक मत देतात आणि त्यामुळे आग्रही गटांचा प्रभाव वाढतो, असे आक्षेप घेतले जातात. पक्षाला आपले सदस्य व उमेदवार ठरविण्याचे स्वातंत्र्य असावे, हा विचारही दुर्लक्षणीय नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये याच कारणास्तव कॅलिफोर्नियाची तत्कालीन सर्वपक्षीय पद्धत अवैध ठरविली होती.

अमेरिका व भारत येथील अनुभव परस्परांना पूरक आहेत. टेक्ससमधील कृष्णवर्णीयाला अंतिम निवडणुकीत मत होते, पण उमेदवार ठरविण्यात स्थान नव्हते. पुणे करारातील दलित मतदाराला उमेदवार ठरविण्यात मत होते, पण अंतिम निर्णय इतरांच्या बहुमतावर अवलंबून होता. दोन्ही ठिकाणी मताधिकार कागदोपत्री पूर्ण होता आणि निर्णायक टप्पा मात्र मतदाराच्या हाताबाहेर होता. यावरून असे दिसते, की उमेदवारनिवडीची न्याय्यता केवळ मतदान घेतल्याने सिद्ध होत नाही. कोणत्या टप्प्यावर निर्णय प्रत्यक्षात होतो, त्या टप्प्यावर कोणाला प्रवेश आहे आणि वगळलेल्याला कोणाकडे दाद मागता येते, या तीन गोष्टींवरच ती अवलंबून असते.